डावीकडचा माणूस

फोनवर बोट सरकवता सरकवता एक चौकट समोर येते. मधोमध उभी रेघ. डावीकडे करड्या, ढगळ टी-शर्टातला माणूस: खांदे पडलेले, बाह्या कोपराला टेकलेल्या, पोटावर कापडाचा फुगा, चेहरा दमलेला. उजवीकडे तोच माणूस काळ्या टी-शर्टात. बाही दंडाला बेताने बसलेली, छाती भरलेली, पोट दिसत नाही, ओठांवर हसू. डावीकडे लाल फुली, उजवीकडे हिरवी बरोबरची खूण, खाली किंमत. दोन-तीन सेकंदांत सगळे सांगून होते आणि बोट पुढे जाते.

पुरुषांच्या फिटिंगच्या कपड्यांची तुलनात्मक जाहिरात आज साधारण अशी दिसते. जाहिरातवाले तिला ‘अस व्हर्सेस देम’ म्हणतात. ज्या कंपन्या दुकानांच्या आधी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर वाढल्या, त्यांनी ही मांडणी रुजवली. त्यांत ट्रू क्लासिकचे नाव घ्यावे लागते. लॉस एंजेलिसमध्ये २०१९ साली तीन मित्रांनी सुरू केलेली ही टी-शर्टची कंपनी. त्यांचे म्हणणे एका वाक्याचे होते: खांदा, छाती आणि दंड इथे टी-शर्ट अंगासरशी बसला पाहिजे आणि पोटाशी सैल सुटला पाहिजे. जिममधल्या तरुणापेक्षा तिशी-चाळिशी ओलांडलेला, थोडे पोट सुटलेला पुरुष त्यांनी डोळ्यांसमोर धरला. आपल्याकडचा कोणताही मुरलेला शिंपी हे पहिल्यापासून जाणतो. भरल्या पोटाचे गिऱ्हाईक आले की तो खांदा छातीच्या मापाने आपोआप वाढवत नाही. खांदा खांद्याच्याच मापाने कापतो आणि ऐसपैसपणा खाली देतो. तयार कपड्यांत नेमके हेच होत नव्हते. पोटासाठी एक नंबर मोठा घ्यावा, तर खांदा आणि बाहीही मोठीच पदरात पडत.

तुलनात्मक जाहिरात म्हटली की अनेकांच्या कपाळावर आठी पडते. माझ्या नाही पडत. कपडा बसतो की नाही, हे एकट्या कपड्याकडे पाहून कळत नाही. हँगरवरचा शर्ट काहीच सांगत नाही. दुकानात ट्रायल रूम असते, आरसा असतो, सोबत आलेले माणूस असते. शिंप्याकडे टेप असते. फोनवर यांतले काहीच नाही. तिथे दोन टी-शर्ट शेजारी शेजारी मांडणे हा फिटिंग समजावून देण्याचा सर्वांत थेट मार्ग आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या जाहिराती दोन टी-शर्टांची तुलना करतो म्हणतात आणि दोन पुरुषांची करतात.

टी-शर्ट बसतो म्हणजे काय होते, ते आधी पाहू. सुरुवात खांद्याच्या शिवणीपासून. ती खांद्याच्या हाडाच्या टोकावर थांबली पाहिजे. दंडावर घसरली की अख्खा माणूस आखूड आणि पडेल दिसतो. मानेकडे सरकली की बाही काखेत ओढते. मग बाही. तिचे टोक दंडाच्या मध्यावर कुठेतरी यावे आणि तोंड इतकेच रुंद असावे की दंडाभोवती कापड तंबूसारखे उभे राहू नये. बाहीच्या तोंडातला एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरचा फरक फोटोत लगेच दिसतो. या जाहिरातींतला दंड भरलेला वाटतो त्याचे बरेचसे श्रेय या सेंटिमीटरला आहे.

त्यानंतर बाजूची शिवण, आणि हा मुद्दा जाहिरातीत कधीच येत नाही. स्वस्त टी-शर्टांचे कापड गोलाकार विणाई यंत्रावर नळीसारखे विणले जाते आणि पुष्कळदा त्या नळीचाच धड म्हणून उपयोग होतो. बाजूला शिवणच नसते, त्यामुळे कंबरेशी आकार देण्याची सोय नसते. वरपासून खालपर्यंत एकच रुंदी. ढगळ टी-शर्ट ढगळ का असतो, याचे हे साधे, यांत्रिक कारण. पुढचा आणि मागचा भाग वेगळा कापून बाजूने शिवला की कंबरेला वळण देता येते. कापड वाया जाते, शिलाई वाढते, किंमत चढते. ‘आमचा टी-शर्ट महाग का’ याचे खरे उत्तर इथे आहे आणि ते एका फोटोत दाखवता येते: टी-शर्ट उलटा करून बाजूची शिवण दाखवायची. असा फोटो मला तरी जाहिरातीत क्वचितच दिसला.

कापडाचे वजनही तसेच. तिरुपूरच्या होजियरी कारखान्यात बोलणे जीएसएममध्ये चालते, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. १६० ते १८० जीएसएमचे कापड उन्हाळ्यात बरे, पण अंगावरची प्रत्येक उंचसखल जागा दाखवते. २२० च्या वरचे जड कापड स्वतःच्या वजनाने सरळ खाली पडते आणि पोटावर चिकटत नाही. त्यात चार-पाच टक्के इलॅस्टेन मिसळले की ताण पडल्यावर कापड पुन्हा मूळ जागी येते. मग धुलाई. साध्या होजियरीत सुताचा पीळ धुतल्यावर सुटू पाहतो आणि बाजूची शिवण फिरून पोटावर येते. घरोघरी हा अनुभव आहे. सुती कापड आटते ते वेगळेच. दुकानात नेमका बसलेला टी-शर्ट चार धुण्यांनंतर बेंबी दाखवू लागतो, तेव्हा फिटिंगच्या जाहिरातीतले सगळे शब्द पोकळ ठरतात.

आटण्याच्या या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरात क्लूएट पीबॉडी नावाची कंपनी कॉलर आणि शर्ट बनवत असे. १९०५ पासून जे. सी. लायनडेकर या चित्रकाराने तिच्यासाठी ‘अ‍ॅरो कॉलर मॅन’ रंगवला: ताठ मान, कोरीव जबडा, निर्विकार देखणेपणा. पंचवीसएक वर्षे या चित्रातल्या पुरुषाने अमेरिकेतल्या खऱ्या पुरुषांना आपण कसे दिसायला हवे ते शिकवले. त्याच कंपनीत सॅनफर्ड क्लूएट यांनी कापड आधीच यंत्रात आटवून घेण्याची पद्धत शोधली आणि १९३० साली तिचे पेटंट घेतले. आज सॅनफोरायझिंग म्हणतात ते हेच. सॅनफोराइज्ड शिक्का म्हणजे यापुढे कापड एका टक्क्याहून अधिक आटणार नाही, अशी हमी. एकाच छताखाली पुरुषांचा कपडा विकण्याचे दोन रस्ते निघाले: एक देखण्या माणसाचे चित्र, दुसरा पडताळून पाहता येईल असा आकडा. आपल्या फोनवरच्या जाहिरातींनी पहिला रस्ता धरला. दुसरा अजून मोकळा पडला आहे.

पुरुषाला लाजवून विकण्याची रीतही तेवढीच जुनी. अँजेलो सिसिलियानो या इटालियन मुलाने चार्ल्स अ‍ॅटलस नाव घेतले, १९२२ साली सर्वांत सुडौल पुरुषाचा किताब मिळवला आणि १९२९ मध्ये चार्ल्स रोमन यांच्यासोबत टपालाने व्यायामाचे धडे विकणारी कंपनी काढली. त्यांची चित्रकथेची जाहिरात अमेरिकेतली दोन-तीन पिढ्यांची मुले वाचत वाढली: समुद्रकिनारी दांडगा माणूस काटकुळ्या मुलाच्या तोंडावर वाळू उडवतो, मुलगा घरी जाऊन व्यायाम करतो आणि परत येऊन त्याला ठोसा देतो. तो काटकुळा मुलगा हाच आपल्या फोनवरच्या डावीकडच्या माणसाचा पूर्वज. अ‍ॅटलस निदान घाम गाळायला सांगत होता. टी-शर्टवाला तेच रूपांतर कपडे बदलण्याइतक्या वेळात देऊ करतो.

डावीकडचा माणूस घडवला कसा जातो, हे एकदा नीट पाहिले की ती चौकट पुन्हा पहिल्यासारखी दिसत नाही. त्याला टी-शर्ट एक नंबर मोठा घालतात, कधी दोन. रंग फिका, तोही धुवून विटलेला, इस्त्री न केलेला. प्रकाश समोरून आणि सपाट, म्हणजे अंगाचे सगळे चढउतार पुसले जातात. कॅमेरा किंचित वर, म्हणजे माणूस खुजा. त्याला श्वास सोडायला, खांदे टाकायला सांगतात. उजवीकडच्यासाठी हे सगळे उलटे. प्रकाश बाजूने, त्यामुळे दंडावर आणि छातीवर सावल्या पडून आकार उठतो. कॅमेरा छातीच्या उंचीला किंवा खाली. रंग गडद. केस विंचरलेले, पँट बदललेली. क्लिक होण्याआधी दहा-वीस जोर मारून घेतले की दंडात रक्त भरते. आणि शेवटी, पाठीमागे क्लिपा. कॅटलॉगच्या फोटोंत मॉडेलच्या पाठीवर शर्टाचा जादा घोळ चिमट्यांनी धरलेला असतो. समोरून तो नेमका बसलेला दिसतो.

ही मागची क्लिप टी-शर्टाच्या प्रसिद्धीइतकीच जुनी आहे. अमेरिकन नौदलात अंतर्वस्त्र असलेला टी-शर्ट अंगावरचा मुख्य कपडा झाला, त्यात मार्लन ब्रँडोच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’चा मोठा वाटा. नाटक १९४७ चे, चित्रपट १९५१ चा, दोन्हींची वेशभूषा लुसिंडा बॅलार्ड यांची. तेव्हा अंगाला बसणारे टी-शर्ट बाजारात मिळतच नसत. म्हणून साधे टी-शर्ट पुन्हा पुन्हा धुवून आटवले आणि मागून शिवून आवळले, असे सांगतात. रंगभूमीवर ते योग्यच. तिथे कुणी प्रेक्षकाला ‘हाच टी-शर्ट तुम्हाला असा बसेल’ असे सांगत नाही. विक्रीच्या चौकटीत तेच केले की ते खोटे ठरते.

घरी एक प्रयोग करावा. स्वतःचा एकच टी-शर्ट घालून दोन फोटो घ्यायचे: एकदा ट्यूबलाइटखाली खांदे टाकून, एकदा खिडकीकडे एक बाजू करून उभे राहून, मागे कपडे वाळत घालायचे चार चिमटे लावून. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की अख्खी जाहिरात तयार. तीत विकायला टी-शर्ट मात्र नाही.

आता तर फोटोचीही गरज उरलेली नाही. चित्रे घडवणाऱ्या यंत्राला दोन ओळी लिहून दिल्या की डावा आणि उजवा दोन्ही पुरुष तयार मिळतात. त्यांच्या अंगावरच्या चुण्या कोणत्याही कापडाने पाडलेल्या नसतात. जो कपडा कुणाच्याही अंगावर चढलेलाच नाही, त्याचे फिटिंग दाखवणाऱ्या चित्राला माझ्या मते पुरावा म्हणून काडीची किंमत नाही, मग ते कितीही सुबक असो.

आपल्याकडचा कायदा या सगळ्याकडे कसा पाहतो? प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने तो बराच जागा आहे. १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याचे कलम २९(८) दुसऱ्याच्या चिन्हाचा जाहिरातीत गैरफायदा घेण्याला रोखते, आणि कलम ३०(१) प्रामाणिक व्यवहाराला धरून केलेला वापर चालवून घेते. नव्वदीच्या दशकात कपड्यांच्या निळीवरून कलकत्ता उच्च न्यायालयात गाजलेले प्रकरण झाले. उजालाच्या जाहिरातीत प्रतिस्पर्ध्याचे नाव नव्हते. पण दाखवलेल्या बाटलीचा आकार आणि दहा रुपये किंमत पाहून ती कुणाची, हे ओळखता येत होते. त्यातून तत्त्व पुढे आले ते असे: आपला माल जगात उत्तम म्हणा, दुसऱ्यापेक्षा सरस म्हणा, तुलनाही करा, दुसऱ्याचा माल वाईट आहे असे मात्र म्हणू नका. मुंबई उच्च न्यायालयात २०१७ मध्ये अमूल आणि हिंदुस्थान युनिलिव्हर यांच्यात आइस्क्रीम विरुद्ध फ्रोझन डेझर्ट असा वाद झाला. जाहिरातीत कुठल्याही ब्रँडचे नाव नव्हते, एका अख्ख्या प्रकाराविषयी बोलले होते. तरी न्यायालयाने ती रोखली. टी-शर्टवाले यातून शिकले. डावीकडचा टी-शर्ट कुणाचाच नसतो. लेबल नाही, लोगो नाही, ओळखू येईल असे पाकीट नाही. दावा लावायला कुणी उरतच नाही.

पण टी-शर्ट कुणाचा नसला, तरी तो घातलेला माणूस आपल्यातला असतो. त्याच्या बाजूने बोलायला वकील उभा राहत नाही. मुंबईत १९८५ पासून जाहिरातींचे स्वनियमन करणाऱ्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलच्या, म्हणजे ‘आस्की’च्या, संहितेत तुलनेविषयी चोख अटी आहेत: कशाची कशाशी तुलना आहे ते स्पष्ट हवे, आपल्याला कृत्रिम वरचढपणा मिळेल असा विषय निवडू नये, विधान सिद्ध करता यावे, ग्राहकाची दिशाभूल होऊ नये, दुसऱ्याच्या मालाला अकारण हिणवू नये. कृत्रिम वरचढपणाची अट वाचताना मला तो एक नंबर मोठा टी-शर्ट दिसतो आणि पाठीवरच्या क्लिपाही. २०२२ मध्ये याच संहितेत शरीराच्या ठेवणीवरून आणि वयावरून कुणाची खिल्ली उडवू नये, हेही घातले गेले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे आली. दंड पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत, पुढे ५० लाखांपर्यंत. मेटाचे स्वतःचे नियमही वजन घटवण्याच्या उत्पादनांसाठी माणसाच्या मनात स्वतःविषयी कमीपणा निर्माण करू देत नाहीत. कपडे त्या चौकटीत सहसा येत नाहीत. गोळी विकताना जे चालत नाही, ते टी-शर्ट विकताना का चालावे, याचे पटेल असे उत्तर माझ्यापाशी नाही.

जाहिरात करणाऱ्यांची बाजू मला समजते. दोन नमुने एकाच वेळी चालवून कोणत्यावर जास्त बोटे पडतात हे ते पाहतात, आणि लाजवणारा नमुना बऱ्याचदा स्वस्तात क्लिक मिळवतो. मग तोच पुढे जातो. पण क्लिकच्या तक्त्यात परत आलेला माल दिसत नाही. ऑनलाइन कपडे परत येण्याचे एक ठळक कारण माप आणि फिटिंग हेच असते. येण्या-जाण्याचे भाडे, उघडलेले पाकीट, चुरगळलेला माल, कॅश ऑन डिलिव्हरीत दारातून परत फिरलेली पार्सले: हे सगळे वेगळ्या वहीत लिहिले जाते, तिथून कुणी मागे वळून जाहिरातीपर्यंत येत नाही. कोणत्या चौकटीतून आलेल्या गिऱ्हाइकाने टी-शर्ट ठेवला आणि कोणत्या चौकटीतल्याने परत केला, हे जोडून पाहिले तर डिझायनरच्या टेबलावरचे निर्णय बदलतील.

मापांचा घोळ आपल्याकडे जास्तच आहे. एका ब्रँडचा एम ४० इंच छातीचा, दुसऱ्याचा ४२ चा. मापांचे तक्ते बहुतांशी ब्रिटन-अमेरिकेच्या वळणाचे. भारतीय अंगाचे स्वतःचे तक्ते असावेत म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, निफ्टने, ‘इंडियासाइज’ प्रकल्प हाती घेतला: १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापे, मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग या सहा शहरांत, त्रिमित स्कॅनरने. दुसऱ्या बाजूने २०१२ साली मुंबईत सुरू झालेल्या बॉम्बे शर्ट कंपनीने ऑनलाइन मागणीवर गिऱ्हाइकाच्याच मापाने शर्ट शिवण्याचा मार्ग धरला. दोन्ही ठिकाणी सुरुवात मापापासून आहे.

मग मी जाहिरात आखली तर? माणूस एकच, आणि तो दोन्हीकडे तसाच उभा: हात खाली, नजर समोर, तोच प्रकाश, तीच पँट, कॅमेरा तिपाईवर न हललेला. दोन्ही टी-शर्ट त्याच्या नेहमीच्या नंबराचे, एकाच रंगाचे. पाठीचाही फोटो, म्हणजे क्लिप नाही हे दिसेल. लाल फुलीच्या जागी बाण: खांद्याची शिवण इथे, बाहीचे तोंड इतके सेंटिमीटर, घेर इतका. चौकट ४:५ ची, कारण उभ्या फोनवर ती जास्त जागा घेते. रीलसाठी ९:१६ ची करायची तर आकडे वरच्या दोन-तृतीयांशात, खाली नाव, मजकूर आणि बटणे येऊन झाकतात. आवाज बंद ठेवून पाहणारे पुष्कळ, म्हणून जे सांगायचे ते अक्षरांत. मॉडेलची उंची, वजन आणि घातलेला नंबर दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत आणि त्याच टायपात. २०२२ ची तत्त्वे खुलाशाच्या तळटीपेकडून हेच मागतात. माणसे वेगवेगळ्या बांध्यांची घ्यावीत: खांद्याने रुंद, पोटाने भरलेला, काटक, साठीचा. त्यांतल्या एखाद्याला हा टी-शर्ट बसत नसेल, तर तेही छापावे आणि कोणता बसेल ते सांगावे.

सरकवत पाहायच्या फोटोमालिकेचे, म्हणजे कॅरूसेलचे, शेवटचे पान मी धुलाईसाठी राखून ठेवेन. तोच टी-शर्ट, वीस वेळा घरच्या मशीनमध्ये धुतलेला, टेबलावर पसरून, शेजारी टेप: छाती आधी किती, आता किती, उंची आधी किती, आता किती, बाजूची शिवण किती फिरली. आकडा पाव इंचाचा असला तरी लिहावा, एका इंचाचा असला तरी लिहावा, आणि एका इंचाचा असेल तर जाहिरात थांबवून आधी कापडवाल्याला फोन करावा.